झ्याक नसलं तर

"फाइन म्हंजी काय गं?" आत्यानं विचारलं.

"म्हंजी झ्याक."

"आन् झ्याक नसलं तर काय म्हनायचं?"

मी पुस्तक चाळलं. पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेले. त्यात 'हाऊ आर यू'ला एकच उत्तर होतं आणि आमच्या गुरुजींनीही वर्गाकडून तेच एक घोकून घेतलं होतं. साठ पोरं एका सुरात ओरडायची, "आय ॲम फाइन, थँक यू!" त्यात तापानं फणफणलेलं पोरही असायचं आणि नुकताच मार खाल्लेलंही.

"तसं काही नसतं," मी ठामपणे सांगितलं. "इंग्रजीत समदे झ्याकच असतात."

"बरंय बाबा त्यांचं," आत्या म्हणाली आणि खाटेवर कूस बदलून पोटावर हात दाबून पडली.

ही गोष्ट मिशनच्या दवाखान्यातली. दिवाळीची सुट्टी होती. आत्याच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. खरं तर डॉक्टरांनी गणपतीतच पोट कापायचं म्हटलं होतं. पण दसरा-दिवाळी म्हणजे बांगड्यांचा हंगाम. आमचं घर कासाराचं, आणि आमच्या घरात कमावणारी ती एकटीच. भाऊबीज उरकल्याशिवाय आत्या टोपली खाली ठेवायला तयार नव्हती. दोन महिने तिनं त्या कळा ओव्याच्या पाण्यावर काढल्या.

आमच्या घरात म्हणजे आम्ही दोघीच. मी दोन वर्षांची असताना आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न करून नगर गाठलं, आणि चंद्राआत्यानं मला उचलून आपल्या घरी आणलं. तिचा नवरा त्याच्या आधीच वारला होता. आत्याच्या स्वतःच्या हातात काकण नव्हतं, पण गावातल्या बायकांना बांगडी भरायला तिचाच हात लागायचा. आठवडी बाजारात मी तिच्या शेजारी बसायची. गिऱ्हाइकाचं कोपर धरून ठेवणं हे माझं काम.

आत्या एखादीचा पंजा हातात घ्यायची, अंगठ्याचं हाड आत दाबायची, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता काच कधी मनगटावर सरकायची ते बाईला कळायचंसुद्धा नाही. सारखं विचारायची, "दुखतंय का गं?" बायका म्हणायच्या, "न्हाई." पण आत्या त्यावर कधी विसंबायची नाही. मला म्हणायची, "कुमे, तोंडाकडं बघू नको, बोटांकडं बघ. बाई तोंडानं न्हाईच म्हनती. बोटं खरं बोलत्यात." आणि खरंच, बोटं आकसली की ती थांबायची, साबणाचा हात फिरवायची, मोठ्या मापाची बांगडी काढायची. तिच्या हातून कुणाच्या मनगटाला काच लागल्याचं मला आठवत नाही.

तर अशा आत्याच्या सोबतीला दवाखान्यात दुसरं कुणीच नव्हतं म्हणून मी. अकरा वर्षांची. दफ्तर बरोबर आणलं होतं, कारण गुरुजींनी सुट्टीचा अभ्यास दिला होता.

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर रजेवर गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी तीन महिन्यांसाठी परदेशातून एक मडमबाई आल्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात पुरुषी बूट. मराठी त्यांना 'नमस्ते'पुरतंच यायचं. त्यांच्या मागे सिस्टर सुवार्ता असायच्या, आमच्याच भागातल्या, त्या दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे न्यायच्या. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मडमबाई आत्याच्या खाटेपाशी आल्या आणि वाकून म्हणाल्या, "हाऊ आर यू?"

आत्यानं पदर सावरला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. सिस्टर काही बोलणार एवढ्यात माझ्याच तोंडून वर्गातल्यासारखं खणखणीत निघून गेलं, "आय ॲम फाइन, थँक यू!"

मडमबाई थबकल्या. मग त्यांनी मला नाव विचारलं. तेही उत्तर मला येत होतं. "माय नेम इज कुमुद कासार!" मग माझ्या हातातलं पुस्तक त्यांनी पाहिलं, आत्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं आणि हसत म्हणाल्या, "टीचर!"

टीचर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी त्या दिवशी जमिनीवरून चालत नव्हते. आजवर मला कुणी कौतुकानं काही म्हटलं नव्हतं. गावात मी 'ती चंद्रीची बिनआईची पोर' एवढीच होते. दुपारीच मी आत्याची शिकवणी सुरू केली, आणि त्यातच तिनं तो प्रश्न विचारला, झ्याक नसलं तर काय म्हणायचं म्हणून.

शेजारच्या खाटेवर हौसाबाई होती. बैलगाडीवरून पडून पाय मोडलेला, पण जीभ धडधाकट. तिलाही शिकायचं होतं.

"मला बी सांग गं मास्तरीण. पाय टांगलाय तर टांगलाय, तोंड रिकामं हाये."

"आय ॲम फाइन."

"आयम फाइन. ह्ये तर सोप्पं निघालं! पोरं सात-सात वर्सं काय शिकत्यात मग?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डात ते वाक्य फिरलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. व्हरांड्यात बसून मी बोरं खाल्ली आणि नंतर रडले. स्ट्रेचरवरून आणलेल्या आत्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा दिसत होता. ती काही बोलेना. मला वाटलं, ही गेली की मी कुणाकडे जायचं? नगरच्या घरी माझं कुणी नव्हतं. मी खाटेचा गज धरून उभीच राहिले, शेवटी हौसाबाई ओरडली, "अगं बस की जरा! तुझी आत्या काचंची न्हाई, कासाराची हाये!"

तिसऱ्या प्रहरी आत्यानं डोळे उघडले. मला पाहिलं. ओठ हलले. मी कान नेला.

"फाइन," ती म्हणाली.

मी आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिले.

पुढच्या सकाळपासून आमचा राउंड म्हणजे एक सोहळाच झाला. मडमबाई दारात आल्या की मी आत्याच्या उशाशी, तिचा हात हातात घेऊन ताठ उभी. त्या विचारायच्या, "हाऊ आर यू?" आत्या म्हणायची, "आय ॲम फाइन, थांक्यू." मग हौसाबाई म्हणायची, मग पुढच्या खाटेवरची. मडमबाई हसत हसत पुढे सरकायच्या आणि दारातून जाताना मला म्हणायच्या, "गुड, टीचर!" सिस्टर सुवार्ता पहिले दोन दिवस मागे राहून आत्याला मराठीत विचारायच्या, "काही दुखतंय का? ताण पडतोय का टाक्यांवर?" आत्या म्हणायची, "न्हाई सिस्टर, बरं हाये." मग त्यांनाही पुढच्या खाटा असायच्या.

तिसऱ्या दिवशी आत्यानं पेज अर्धी टाकली. "तोंडाला चव न्हाई," म्हणाली. दुपारी मला म्हणाली, "कुमे, जा, जरा झाडाखाली खेळून ये." मी गेले. परत आले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पदराचा बोळा तिच्या तोंडात होता. मला पाहून तिनं तो पटकन काढला.

"काय झालं गं?"

"कुठं काय. दात शिवशिवतोय."

मी मान हलवली आणि पुस्तक उघडलं. त्या वयात मोठ्यांचं बोलणं मी जसंच्या तसं घ्यायची. आणि खरं सांगायचं तर मला ते तसंच घ्यायचं होतं. उद्या राउंडला मी तिला एक नवं वाक्य शिकवणार होते, 'गुड मॉर्निंग, डॉक्टर.' माझं सगळं लक्ष तिकडे.

चौथ्या दिवशी सकाळी आत्याचं अंग जरा गरम लागत होतं. सिस्टरनी थर्मामीटर लावून कागदावर काहीतरी लिहिलं. पाठोपाठ मडमबाई आल्या. मी उशाशी उभी राहिले आणि आत्याचा हात घेतला.

"गुड मॉर्निंग, डॉक्टर," आत्या म्हणाली.

मडमबाईंनी कौतुकानं भुवया उंचावल्या. "गुड मॉर्निंग! हाऊ आर यू?"

"आय ॲम फाइन, थांक्यू."

आवाज स्वच्छ होता, चेहऱ्यावर हसूही होतं. पण माझ्या हातातली तिची बोटं आकसली. नुसती आकसली नाहीत. माझ्या पंजात रुतली, नखं लागतील इतकी, आणि मग थरथरत सैल पडली.

मी तोंडाकडे बघत नव्हते. बाजारात बसून बसून माझी नजर आपोआप बोटांवरच जायची. ती बोटं काय म्हणत होती ते मला लख्ख कळलं.

मडमबाई हौसाबाईकडे वळल्या. मी आत्याकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. बाजारात एखाद्या खोडसाळ गिऱ्हाइकापुढे सांगायची ना, अगदी तसंच.

आज इतक्या वर्षांनी कबूल करते, मी गप्प राहिले. हौसाबाईचं 'फाइन' झालं, पुढचीचं झालं, त्या पुढचीचं झालं, आणि मी तशीच उभी. कारण आत्या फाइन नाही म्हणायचं म्हणजे मी चार दिवस शिकवलं ते सगळं खोटं. मडमबाई मग मला टीचर कशाला म्हणतील? लाज वाटते, पण हा विचार माझ्या मनात आला आणि चांगला चार खाटांपुरता टिकला.

मडमबाई दारात पोचल्या. वळल्या. "गुड, टीचर," म्हणाल्या.

ते 'गुड' ऐकलं आणि मला रडूच फुटलं. मी आत्याचा हात सोडून धावत सुटले. त्यांच्या पांढऱ्या डगल्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं. त्या खाली वाकल्या. पण मला शब्द कुठे येत होते? दुखतं, ठणकतं, कळ येते, यातलं एकही इंग्रजीत मला माहीत नव्हतं. शेजारी सिस्टर उभ्या होत्या, त्यांना मराठीत सांगता आलं असतं, पण ते त्या क्षणी सुचलंच नाही. चार दिवस त्या बाईशी मी इंग्रजीतच बोलत होते ना! मला आठवला पुस्तकातला चौथा धडा. चेंडूचं चित्र, 'धिस इज अ बॉल.' शेजारी टोपीचं चित्र, 'धिस इज नॉट अ बॉल.'

"नॉट," मी म्हणाले. "नॉट फाइन. आत्या नॉट फाइन. नॉट, नॉट, नॉट!"

मडमबाई लांब ढांगा टाकत परत आल्या. खाटेशी गुडघे टेकून बसल्या आणि चादर बाजूला केली.

"फाइन," आत्या घाईघाईनं म्हणाली. "आय ॲम फाइन, थांक्यू. पोर उगं बोलती."

मडमबाईंनी टाक्यांच्या शेजारी दोन बोटं ठेवली आणि हलकेच दाबलं.

"आई गं!" आत्या किंचाळली.

ते भाषांतर करायला सिस्टर सुवार्तांनी तोंडही उघडलं नाही. तशी गरजच पडली नाही.

तिला तिथूनच आत नेलं. टाक्यांच्या खाली पू झाला होता. वरून कातडी नीट दिसत होती आणि आत सगळं पेटलं होतं. मी व्हरांड्यात त्याच जागी बसले, या वेळी बोरांशिवाय. तासाभरानं सिस्टर सुवार्ता येऊन माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या.

"घाण सगळी काढलीय. आता बरी होईल," त्या म्हणाल्या. "मॅडम म्हणतात, अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं." मग त्यांनी माझा पंजा उलटा केला. नखांचे चार अर्धगोल अजून तिथे होते. त्या बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. "मी मराठीत विचारलं तरी बरं आहे म्हणाली बघ. आणि मीही ऐकून पुढे गेले."

आत्या दोन दिवस गुंगीतच होती. तिसऱ्या दिवशी उठून बसली, वाटीभर पेज प्यायली, आणखी मागितली. मग मात्र माझा राग उसळला. वाटी ठेवली आणि मी तिच्यावर धावूनच गेले.

"खोटं का बोललीस? मेली असतीस तर? मी कुनाकडं गेले असते?"

"हळू. हौसा ऐकती."

"हौसा ऐकनारच," पलीकडून आवाज आला. "बोल की आता. पोरीला उत्तर दे."

आत्या उगीचच चादरीची सुरकुती मोडत राहिली. मला वाटलं, आता दात शिवशिवत होता असलं काहीतरी सांगेल. पण ती म्हणाली, "त्या बाईनं तुला टीचर म्हनलं ना, तवा तुजं तोंड बघितलं मी. नऊ वर्सं सांभाळतीया तुला. कापडं घेतली, गोडधोड केलं, पन तसलं तोंड म्या कंदी बघितलं नव्हतं गं. रोज सकाळी ती बाई यायची आन् तू अशी ताठ हुबी ऱ्हायची. म्हनलं, आपुन न्हाई म्हनलं तर पोरगी खाली मान घालील." तिनं सुरकुती पुन्हा मोडली. "आन् तूच म्हनलीस की, दुसरं उत्तरच नसतंय म्हनून."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, टाक्यांपासून जपून, आणि मनसोक्त रडले. तिचा हात माझ्या केसांतून फिरत राहिला. हौसाबाईनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"असतंय," थोड्या वेळानं मी नाक पुसत म्हणाले. "दुसरं उत्तर असतंय. नॉट फाइन."

"मंग आधी न्हाई सांगायचं व्हय?"

"मला तरी कुठं माहीत होतं!"

त्या दिवशी आम्ही दोघींनी एक करार केला. 'हाऊ आर यू' असं इंग्रजीत विचारलं की खरं उत्तर द्यायचं. मराठीत काय वाटेल ते सांगावं, 'बरं हाये' म्हणावं, दाताचं नाव पुढे करावं. पण इंग्रजीत विचारलं की खरंच. घरी सोडायच्या दिवशी मडमबाईंनी विचारलं, तेव्हा आत्यानं आधी माझ्याकडे बघितलं, पोटाला हात लावला आणि नीट विचार करून सांगितलं, "हितं फाइन. हितं थोडं नॉट." मडमबाई मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी मला जवळ घेतलं आणि पुन्हा तो शब्द म्हणाल्या, टीचर.

तो शब्द मला पुढे चिकटलाच. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवलं. दर जूनला पहिल्या दिवशी दोन उत्तरं शिकवायची. सुरुवातीला पोरं दुसरं उत्तर द्यायला लाजायची. मग एखादा हळूच म्हणायचा, "नॉट फाइन, बाई. रात्री जेवलो न्हाई." एकदा एका तपासणी साहेबांनी विचारलं, हे पुस्तकात कुठे आहे? मी म्हटलं, चौथ्या धड्यात, चेंडू आणि टोपीच्या मधे. त्यांना काही कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही.

आत्या आता त्र्याऐंशीची आहे. गावीच राहते. टोपली सुटली, पण शेजारच्या पोरी अजून हात पुढे करतात आणि ती त्यांना बांगडी भरते. दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते आणि आमचा करार दोघी पाळतो. मी विचारते, "आत्या, हाऊ आर यू?" ती कधी म्हणते "फाइन", कधी म्हणते "नॉट फाइन, गुडघा लई दुखतोय, आन् तू लई दिस आली न्हाईस." मग मी पुढच्या एसटीनं जाते. इतक्या वर्षांत एक गोष्ट मात्र कधी माझ्या लक्षात आली नव्हती. विचारायचं काम नेहमी माझंच असायचं. तिनं मला इंग्रजीत कधीच विचारलं नव्हतं.

गेल्या रविवारी फोन केला. "फाइन," ती म्हणाली. मग गप्पा झाल्या. शेवग्याला आलेल्या शेंगा, शेजारणीची सून, गुडघा. मी हसत होते, मधे मधे हुंकार भरत होते. आत्याचं बोलणं अचानक थांबलं.

"कुमे."

"काय गं?"

"हाऊ आर यू?"

तिकडे कुठेतरी कोंबडा आरवला. माझ्या तोंडात पाचवीच्या वर्गातलं वाक्य तयार होतं, साठ पोरांच्या सुरातलं. पुढच्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. छातीत गाठ आहे. कसली ते काढल्यावर कळेल. मुलगा रजा टाकून येतोय, सगळी व्यवस्था झाली आहे. आत्याला सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं, या वयात तिच्या जिवाला घोर कशाला म्हणून. घरातल्यांनाही तसं बजावून ठेवलं होतं.

"मी इंग्रजीत इचारलंय," आत्या म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, परत पहिल्या कानाला लावला.

"नॉट," मी म्हणाले. "नॉट फाइन, आत्या."

तिनं काय झालं, कधी झालं, काही विचारलं नाही.

"मंग आजच ये," ती म्हणाली. "फोनवर मला तुजी बोटं दिसत न्हाईत."